सातपुड्याच्या संगीतावर मासिक काढायचं, तर पानं कशी लावायची?

होळीच्या आठवड्यात तुमचं इन्स्टाग्राम उघडून बघा. मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं, अंगभर पांढरी नक्षी, मागे भलामोठा ढोल. कधी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी असते, कधी धडगावचा भोंगऱ्या बाजार. रील भराभर शेअर होतात आणि खाली एकच ओळ असते: 'आदिवासी नृत्य, नंदुरबार'. नाचणारा कोण, ढोल कुणाचा, गाव कुठलं, काही पत्ता नसतो.

ही चूक मीही केलेली आहे. मास कॉमला असताना आम्हाला एक असाइनमेंट होती. संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान तयार करायचं. मी शहाद्याची, त्यामुळे विषय लगेच सुचला. नेटवरून एका ढोलवादकाचा फोटो घेतला. तो पानाच्या बाहेरच्या बाजूला बघत होता, आणि माणसाची नजर पानाच्या आत असावी असं नुकतंच शिकले होते. म्हणून फोटो सरळ आडवा उलटवला. वर झोकदार नाव, शेजारी चार ओळी, कोपऱ्यात बारकोड. छान दिसत होतं.

वर्गातल्या धडगावच्या मैत्रिणीने ते बघून दोनच प्रश्न विचारले. "हा डावखुरा आहे का गं?" आणि "नाव काय याचं?"

पहिल्याचं उत्तर 'नाही' होतं, मी त्याला डावखुरा केला होता. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मार्क मात्र चांगले पडले!

मासिकाच्या मांडणीचे काही ठरलेले संकेत असतात. ते कुठून आले, सातपुड्याच्या संगीताला लावताना कुठले जसेच्या तसे चालतात आणि कुठे हात राखून वापरावे लागतात, ते या लेखात बघू.

मांडणीचे संकेत म्हणजे काय?

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा. मध्ये सगळ्यात मोठा चेहरा, वरच्या गोलांमध्ये नेते, खालच्या रांगेत पासपोर्ट साइजमध्ये कार्यकर्ते. एक अक्षर न वाचता आपल्याला कळतं की कोण कुणाचा आणि कुणाचं वजन किती. हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही, बघून बघून डोळ्यांत बसलंय. मासिकाचंही तसंच आहे. मुखपृष्ठावर कोण आहे, कुणाचं नाव किती मोठं आहे, कुणाचा फोटो चौकोनात बसवलाय आणि कुणाचा पूर्ण पानभर आहे, यावरून वाचक 'महत्त्वाचं कोण' हे ठरवून टाकतो.

आपल्याकडे संगीताच्या मासिकांची परंपरा जुनी आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 'संगीतामृतप्रवाह' नावाचं मासिकही चालवलं. हाथरसचं 'संगीत' १९३५ चं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' १९४७ पासूनचं, आणि बी. आर. देवधर त्याचे संपादक होते. ही मासिकं शिकणाऱ्यांसाठी. घराणी, राग, बंदिशी, आणि स्वरलिपी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तक दाखवायला वर-खाली टिंब. साध्या कॉम्प्युटर फॉन्टमध्ये हे टाईप करायला बसा, मग जुन्या कंपोझिटरबद्दल आदर वाटायला लागतो.

दुसरी परंपरा परदेशातली. लंडनचं 'मेलडी मेकर' १९२६ चं, 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' १९५२ चं, आणि अमेरिकेचं 'रोलिंग स्टोन'. त्याचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा आणि मुखपृष्ठावर जॉन लेनन. ही मासिकं ऐकणाऱ्यांसाठी, चाहत्यांसाठी. म्हणून चेहरा मोठा, मुलाखत लांब, भाषा मोकळी. आज माध्यमांच्या वर्गात 'संगीत मासिकाचे संकेत' म्हणून जे शिकवतात ते बहुतेक याच दुसऱ्या परंपरेतून आलेलं आहे.

नंदुरबारचं संगीत या दोन्हींत नीट बसत नाही. ते स्वरलिपी समोर ठेवून शिकवलं जात नाही आणि त्याला पोस्टरवरचे स्टारही नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार, आणि त्यात जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिलीची देहवाली, मावची अशी रूपं, धडगावकडची पावरी, नवापूरकडची कोकणी, शिवाय अहिराणी आणि गुजर समाजाची बोली. होळीची गाणी, लग्नाची गाणी, टिमलीवर नाचणाऱ्या वराती, बँडवाले, डीजेवाले, यूट्यूबवर गाजणारी अहिराणी गाणी. ऐकणारे भरपूर आहेत. छापील पानावर यातलं कोण, कुठे आणि किती मोठं दिसणार, हे पान लावणाऱ्याच्या हातात असतं.

मुखपृष्ठ: नाव वर का, चेहरा मध्ये का?

मासिकाचं नाव, म्हणजे मास्टहेड, मुखपृष्ठाच्या वरच्या भागात असतं. याचं कारण दुकानात आहे. मांडणीत अंक एकावर एक, थोडे सरकवून ठेवलेले असतात आणि प्रत्येकाची फक्त वरची किंवा डावीकडची पट्टी दिसते. म्हणून नाव वर आणि महत्त्वाच्या ओळी डावीकडच्या एक तृतीयांश भागात. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलला मासिकं दोरीवर चिमटा लावून टांगलेली असतात. तिथेही वरचाच भाग आधी दिसतो, फक्त चिमटा नेमका नावावर बसू नये इतकी जागा वर सोडा.

आता खरं दुकान व्हॉट्सअॅप आहे. तुमच्या अंकाचं पीडीएफ ग्रुपवर जाईल तेव्हा मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं दिसेल. मुखपृष्ठ तयार झालं की ते मोबाईलवर घ्या आणि गॅलरीच्या छोट्या चौकोनात बघा. नाव वाचता येत नसेल तर बाकी सगळी सजावट फुकट गेली.

मुख्य फोटो एकाच माणसाचा, जवळून घेतलेला, आणि शक्यतो नजर थेट वाचकाकडे. बाकी ओळी चार ते सहा. मुख्य लेखाची ओळ सगळ्यात मोठी आणि इतर लहान. मासिकाचं नाव, वर्ष, अंक, महिना, किंमत हे एका बारीक ओळीत. रंग दोन-तीनच, आणि ते फोटोतूनच उचललेले. इतकं केलं तरी बघणारा 'हे मासिक आहे' असं ओळखतो.

मुखपृष्ठाच्या ओळी लिहिताना 'आदिवासी संगीताचा समृद्ध वारसा' असलं काही लिहू नका. ते वाचून कुणीही पान उलटत नाही. 'ढोल मढवायला चामडं आता कुठून येतं?', 'एका खोलीतला स्टुडिओ: टिमलीचं गाणं कसं बनतं?', 'डीजे आला, बँडचं काय झालं?' अशा ओळींत विषय कळतो आणि उत्सुकताही राहते. अर्थात, ओळ छापली की आत त्याचं उत्तर असलंच पाहिजे. यूट्यूबच्या थंबनेलमध्ये जी फसवणूक चालते ती मासिकात एकदाच चालते, दुसरा अंक कुणी घेत नाही.

आणि एक विनंती. नंदुरबारच्या अंकाच्या कडेने वारली चित्रातली माणसं नाचवू नका. वारली चित्रं डहाणू-पालघरकडची. इथल्या भिल, पावरा, मावची, कोकणी लोकांशी त्यांचा तसा संबंध नाही. 'आदिवासी' म्हटलं की वारली बॉर्डर लावायची ही डीटीपीवाल्यांची जुनी सवय आहे. फ्री क्लिपआर्ट तेच मिळतं, म्हणून. त्यापेक्षा ढोलाच्या दोऱ्यांचा, घुंगरांच्या पट्ट्याचा जवळून फोटो काढा आणि त्यातून आकार घ्या.

'ढोल'ची 'ढाल' कशी होते?

इंग्रजी मासिकांच्या मुखपृष्ठांवर कलाकाराचं डोकं अनेकदा नावाच्या काही अक्षरांवर येतं. 'रोलिंग स्टोन'ला हे परवडतं, कारण मधली दोन-तीन अक्षरं झाकली तरी लोकांना नाव पाठ आहे. नवीन मासिकाने हे करू नये, आणि देवनागरीत तर फारच जपून.

समजा मासिकाचं नाव 'ढोल' आहे. (हे नाव आधी वापरलं गेलंय. गणेश देवी यांच्या बडोद्याच्या 'भाषा' संस्थेने आदिवासी भाषांमधून काढलेलं नियतकालिक याच नावाचं.) आता वादकाच्या टोपातली मोरपिसं नावावर आली आणि वरची मात्रा झाकली गेली, की 'ढोल'ची 'ढाल' होते. इंग्रजीत अक्षराचा तुकडा झाकला तर अक्षर अर्धवट दिसतं, आपल्याकडे शब्दच बदलतो. म्हणून डोकं नावावर घ्यायचं असेल तर ते अक्षरांच्या खालच्या भागावर येऊ द्या. शिरोरेषा आणि मात्रा मोकळ्या ठेवा.

देवनागरीत असे अजून बरेच खड्डे आहेत. परदेशी टेम्प्लेट उचलून त्यात मराठी ओतणारा प्रत्येक जण त्यात पडतो.

इंग्रजी मथळे सगळे कॅपिटल अक्षरांत देतात, त्याने जोर येतो. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. जोर आणायचा तर जाडी, आकार किंवा रंग, यातलं एकच वापरा. तिन्ही एकदम वापरले की फ्लेक्स होतो.

इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा ऐसपैस करतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. अंतर वाढवायचंच असेल तर शब्दांमधलं वाढवा.

दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, कारण वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार. 'र्‍हि' आणि 'क्रू' एकाखाली एक आले की धक्काबुक्की होते. मजकूर ११ पॉइंटचा असेल तर ओळींचं अंतर १६ च्या आसपास ठेवून बघा. टेम्प्लेटमधलं १३ घेऊ नका.

लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायची पद्धत संगीत मासिकांत खूप चालते. मराठीत 'अक्षर' मोजताना पूर्ण अक्षर घ्या. लेख 'स्टुडिओ' शब्दाने सुरू होत असेल तर 'स्टु' सगळा मोठा व्हायला हवा. 'किती'ची वेलांटी एकटी मोठी होऊन उभी राहिलेली मी छापील अंकात पाहिली आहे. इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा 'वर्ल्ड रेडी' कंपोझर निवडला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं अशी उधळतात, ती सेटिंग सगळ्यात आधी बघून घ्या.

फॉन्ट युनिकोड घ्या. 'मुक्ता', 'बालू', 'तिरो देवनागरी मराठी' हे मोफत आहेत. जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये अंक केला तर छपाई होते, पण पीडीएफमध्ये कलाकाराचं नाव शोधायला गेलात तर सापडत नाही. ज्यांची नावं आधीच कुठे नोंदवलेली नाहीत त्यांच्या बाबतीत हा बारीक मुद्दा नाही. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे निवडा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलंय. 'तिरो'सारख्या फॉन्टमध्ये ही वळणं आहेतच, बाकीच्यांत तपासून घ्या.

फोटोतल्या माणसाचं नाव कुठे जातं?

माझ्या मते संगीत मासिकाचा सगळ्यात महत्त्वाचा संकेत हा आहे, आणि तो इतका साधा आहे की अभ्यासक्रमात त्यावर अर्धा तासही घालवत नाहीत. फोटोखाली ओळ असते आणि त्या ओळीत नाव असतं. डावीकडून उजवीकडे कोण कोण, कुठे, कधी. शेवटी फोटोग्राफरचं नाव.

१९७३ ची एक गंमत आहे. 'डॉक्टर हुक अँड द मेडिसिन शो' नावाच्या अमेरिकन बँडने 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर झळकण्याची इच्छा सांगणारं गाणं केलं आणि ते गाजलं. मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं, पण व्यंगचित्र काढून. बँडचं नाव न देता खाली ओळ टाकली, तिचा आशय साधारण असा: 'ते... काय बरं नाव त्यांचं, ते एकदाचे मुखपृष्ठावर आले.' हा विनोद चालला, कारण बँडचं नाव सगळ्यांना माहीत होतं. काठीच्या होळीत नाचणाऱ्या माणसाच्या फोटोखाली नाव नसतं तेव्हा मात्र कुणी विनोद करत नसतो. त्याला खरंच कुणी विचारलेलं नसतं.

शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांनी वाचली असेल. ज्यांचं दुःख आहे ते खाली बसलेले आणि त्यांच्याबद्दल बोलणारे स्टेजवर, असा तिचा विषय. मुखपृष्ठ हेही एक स्टेजच आहे. फोटो आदिवासी कलाकाराचा, ठळक नाव लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाचं, अशी मुखपृष्ठं आपण पाहिलेली आहेत.

कायद्यानेही यात थोडी बाजू घेतलेली आहे. कॉपीराइट कायद्यात 'सादरकर्ता' या शब्दात गायक, वादक, नर्तक सगळे येतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८ ब नुसार आपल्या सादरीकरणात आपली ओळख दिली जावी असा हक्क त्यांना आहे. तुम्ही अंकासोबत क्यूआर कोड देऊन रेकॉर्डिंग ऐकवणार असाल तर हे लक्षात ठेवा. फोटोचा हक्क साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो. 'साभार: गुगल' लिहिल्याने काहीही सुटत नाही. गुगलने फोटो काढलेला नसतो.

आता प्रत्यक्ष फोटोओळ कशी लिहायची? वाईट ओळ: 'पारंपरिक वेशभूषेत आदिवासी बांधव'. चांगल्या ओळीत या गोष्टी असतात: पूर्ण नाव, पाडा किंवा गाव, तालुका, हातातलं वाद्य, प्रसंग, महिना आणि वर्ष. वाद्याचं नाव तो माणूस जे सांगेल तेच लिहा. याचं कारण एका शब्दात दिसतं. 'पावरी' हे एका फुंकवाद्याचं नाव आहे आणि पावरा समाजाच्या बोलीलाही 'पावरी' म्हणतात. 'पावरी गाणी' असा मथळा दिलात तर धडगावचा वाचक एक समजेल आणि नवापूरचा दुसरं. फोटोओळीत दोन शब्द वाढवले की गोंधळ मिटतो.

नाचात पन्नास माणसं असतील तर पन्नास नावं कशी देणार? गर्दीच्या फोटोला गावाचं आणि पथकाचं नाव पुरतं. पण ज्याचा चेहरा पानभर छापताय त्याला विचारायलाच हवं. फोटो काढतानाच मोबाईलवर त्याच्याच आवाजात नाव आणि गाव रेकॉर्ड करून घ्या. घरी येऊन 'वळवी का वसावे' असा घोळ होत नाही.

आता तो उलटवलेला फोटो. माणूस पानाच्या आत बघत असावा हा संकेत बरोबर आहे, वाचकाची नजर त्याच्या नजरेमागे मजकुराकडे जाते. पण संगीताच्या फोटोत उलटवणं चालत नाही. ढोलाची दोन तोंडं सारखी नसतात. काठी कुठल्या बाजूला आणि हात कुठल्या बाजूला, यात वाजवणाऱ्याची सगळी तालीम असते. बासरी उलट्या बाजूला गेली की वाजवणाऱ्यांना लगेच खटकतं. जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. त्याचा फोटो उलटवला तर त्याच्यातली खास गोष्टच पुसली जाते. फोटो बाहेर बघत असेल तर तो समोरच्या पानावर हलवा, म्हणजे नजर आपोआप आत येते. मला हे दोन मिनिटांचं काम तेव्हा सुचलं नाही.

जोडपान: मुलाखत कुठल्या भाषेत छापायची?

समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक लेख, त्याला जोडपान म्हणतात. एका बाजूला मोठा फोटो, मोठा मथळा, त्याखाली दोन-तीन ओळींचा परिचय, मग तीन रकान्यांत मजकूर. मध्येच मुलाखतीतलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत उचलून ठेवतात, म्हणजे नुसतं चाळणाराही थांबतो. मथळ्यातलं किंवा फोटोतलं महत्त्वाचं काही दोन पानांच्या घडीत जाऊ देऊ नका. घडीत चेहरा गेला की डोळा नाहीसा होतो.

ठळक वाक्य निवडताना प्रश्न येतो भाषेचा. मुलाखत पावरीत किंवा मावचीत झाली असेल आणि लेख मराठीत असेल, तर ते वाक्य कुठल्या भाषेत छापणार? इंग्रजी छपाईत परभाषेतला शब्द तिरका करतात. देवनागरीला तिरक्या अक्षरांची खरी परंपरा नाही, कॉम्प्युटर नुसतं अक्षर वाकवतो आणि ते वाईट दिसतं. शिवाय नंदुरबारच्या मासिकात नंदुरबारची भाषा 'परकी' म्हणून वाकडी करायची, हे विचित्रच. माझी पद्धत अशी: मूळ वाक्य सरळ आणि मोठ्या अक्षरांत, त्याखाली मराठी अर्थ लहान अक्षरांत. अहिराणीला तर बऱ्याचदा अर्थ द्यायचीही गरज पडत नाही.

गाण्याचे शब्द छापताना दोन गोष्टी पाळा. एक, या बोलींचं लेखन अजून एका साच्यात बसलेलं नाही, म्हणून तुमच्या अंकापुरते नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे नको. दोन, छापण्यापूर्वी ते शब्द गाणाऱ्याला वाचून दाखवा. मराठी कानाला ऐकू आलेलं आणि तिने गायलेलं यात फरक निघतोच.

टॉप टेन आणि तारे द्यायचे का?

संगीत मासिकात गाण्यांचा तक्ता हवाच असं लोकांना वाटतं. पहिला ब्रिटिश तक्ता 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ ला छापला. त्यासाठी पर्सी डिकिन्स यांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून काय खपतंय ते विचारलं होतं. एवढंच! हे नंदुरबारमध्ये सहज करता येईल. नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव आणि नंदुरबार इथल्या डीजे आणि बँडवाल्यांना लग्नसराईत फोन करायचा: वरातीत लोक सगळ्यात जास्त कुठलं गाणं मागतात? यूट्यूबचे व्ह्यूज सगळ्या देशातले असतात, ही यादी आपल्या सहा तालुक्यांची असेल. खाली मात्र स्पष्ट छापा की किती जणांना आणि कुठल्या आठवड्यात विचारलं. आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकासोबत गीतकार, संगीतकार यांची नावं द्या. ती शोधताना घाम फुटेल, कारण निम्म्या व्हिडिओंच्या माहितीत फक्त चॅनलचं नाव असतं.

परीक्षणात पाच तारे द्यायची पद्धत स्टुडिओत रेकॉर्ड करून विकायला आणलेल्या गाण्याला ठीक आहे. त्याने तुमचे पैसे किंवा वेळ मागितलाय, तुम्ही मत द्या. होळीला नवस फेडायला नाचणाऱ्याला साडेतीन तारे द्यायचा अधिकार कुणालाच नाही, तिथे वर्णन करा. आणि बेसूर गाण्याला बेसूर म्हणा. स्थानिक कलाकार म्हणून सगळ्यांना 'अप्रतिम' म्हटलं की ज्याने खरंच चांगलं केलं त्याला काहीच मिळत नाही.

छापायला देण्याआधी

पहिला अंक १६ पानांचा ठेवा. मधून पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच असतात. ए-४ आकाराच्या १६ पानांना ए-३ चे चार कागद लागतात, १८ पानं करता येत नाहीत. एका अंकात एक मुख्य मुलाखत, एक फोटोंचं जोडपान, एक वाद्य समजावून सांगणारं पान, तक्ता, दोन-तीन परीक्षणं आणि अनुक्रमणिका एवढं बसतं.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो लहान होतो. ए-४ चं पूर्ण मुखपृष्ठ ३०० डीपीआयवर छापायला फोटो किमान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. पानाच्या चारही बाजूंनी चित्र ३ मिलिमीटर बाहेर वाढवा, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. स्क्रीनवर भडक दिसणारा गुलाबी आणि पोपटी छपाईच्या चार रंगांत मंद पडतो. होळीच्या अंकाला हे हमखास भोवतं, तेव्हा प्रेसमधून एका पानाचा नमुना काढून बघा.

एकदाच काढलेली स्मरणिका असेल तर गोष्ट वेगळी. पण ठरावीक मुदतीने अंक काढायचा आणि त्यात घडामोडी किंवा त्यावरचं भाष्य असेल, तर नोंदणी लागते. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि अर्ज 'प्रेस सेवा' पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. तुम्हाला हवं असलेलं नाव मराठीत दुसऱ्या कुणाकडे असेल, किंवा महाराष्ट्रात इतर कुठल्याही भाषेत असेल, तर मिळत नाही. म्हणून मास्टहेडवर महिनाभर मेहनत करण्याआधी नाव तपासा. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि ठिकाण यांची ओळ आतल्या पानावर असते. तिच्याच शेजारी अंकातल्या सगळ्या कलाकारांची यादी गावासकट छापायला मला आवडेल, सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखी.

अंक हातात आला की आठवडे बाजाराच्या दिवशी वाटायला न्या, त्या दिवशी पाड्यांवरची माणसं खाली गावात येतात. फोटोत असलेल्या प्रत्येकाची प्रत आधीच बाजूला काढून त्यावर पेनाने नाव लिहून ठेवा. तो स्वतः आला नसेल, तर त्याच्या पाड्याचं कुणीतरी बाजारात असतंच.